‘सोल फिंगर’ (१९६७) : बार-केज वाद्यवृंदाचा पहिला अल्बम आणि मेम्फिसच्या एका वस्तीचा इतिहास

बीजसंज्ञा : सोल संगीत, फंक, बार-केज, स्टॅक्स रेकॉर्ड्स, मेम्फिस, ध्वनिमुद्रणाची मालकी

प्रस्तावना

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या इतिहासाशी मराठी वाचकाचा परिचय जुना आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. पुढे १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ‘ब्लॅक पँथर’ या संघटनेवरून घेतले. मात्र हा परिचय प्रामुख्याने राजकीय चळवळ आणि साहित्य या दोन वाटांनी झाला. त्याच समाजाने विसाव्या शतकात जे संगीत घडविले, त्यामागे शाळा होत्या, स्टुडिओ होते, दुकाने होती आणि कायदेशीर करारही होते. या संस्थात्मक बाजूचा विचार केल्याशिवाय त्या संगीताचा इतिहास पूर्ण होत नाही.

प्रस्तुत शोधनिबंधात टेनेसी राज्यातील मेम्फिस या शहरातील ‘बार-केज’ या सोल व फंक वाद्यवृंदाच्या ‘सोल फिंगर’ या पहिल्या अल्बमचा अभ्यास केला आहे. हा अल्बम जुलै १९६७ मध्ये स्टॅक्स कंपनीच्या ‘व्होल्ट’ या शिक्क्याखाली बाजारात आला. त्यानंतर अवघ्या पाच महिन्यांत, १० डिसेंबर १९६७ रोजी, सुप्रसिद्ध गायक ओटिस रेडिंग यांच्यासमवेत या वाद्यवृंदातील सहापैकी चार सदस्य विमान अपघातात मृत्यू पावले. त्यामुळे या अल्बमची हकीकत सामान्यतः शेवटाकडून सुरुवातीकडे सांगितली जाते. प्रथम अपघात येतो आणि मग त्याच्या छायेत अल्बम येतो. अशा मांडणीत करुणा असली तरी इतिहास दुर्लक्षित राहतो, कारण अल्बम ज्यांनी केला ते केवळ अपघाताचे बळी म्हणून उरतात आणि तो ज्या व्यवस्थेतून निर्माण झाला ती व्यवस्था दृष्टीआड होते.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : १) ‘सोल फिंगर’ हा अल्बम ज्या सामाजिक व शैक्षणिक परिस्थितीत निर्माण झाला तिचा शोध घेणे. २) अल्बमच्या स्वरूपावरून त्या परिस्थितीविषयी काय समजते ते पाहणे. ३) अपघातानंतर अल्बमची मालकी आणि वाद्यवृंदाची परंपरा या दोन गोष्टींचे काय झाले याचा मागोवा घेणे.

या अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून अल्बमकडे एक ऐतिहासिक साधन म्हणून पाहिले आहे. शिलालेख वा दप्तर जसे आपल्या काळाविषयी बोलते, तशीच ध्वनिमुद्रिकाही बोलते. फक्त तिला विचारावयाचे प्रश्न वेगळे असतात. ती कोणी वाजविली, ते कोठे शिकले, ती कोणत्या खोलीत मुद्रित झाली आणि ती कोणाच्या मालकीची झाली, हे ते प्रश्न होत. अल्बम ही वस्तू आणि तो घडविणारी शिक्षणाची साखळी या दोन भिन्न गोष्टी असून त्यांचे भवितव्यही भिन्न ठरले, हे या निबंधाचे गृहीतक आहे.

सोल आणि फंक : संक्षिप्त पार्श्वभूमी

कृष्णवर्णीय चर्चमधील भक्तिगायन आणि ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ हे लौकिक संगीत यांच्या मिलाफातून १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात जे संगीत आकारास आले त्यास ‘सोल’ असे नाव मिळाले. रे चार्ल्स आणि सॅम कुक हे त्याचे आद्य प्रवर्तक मानले जातात. १९६० च्या दशकाच्या मध्यास जेम्स ब्राउन यांनी चालीपेक्षा तालाला प्राधान्य देऊन प्रत्येक वाद्याला तालवाद्याचे काम दिले. त्यातून ‘फंक’ ही शैली विकसित झाली. ‘सोल फिंगर’ हा अल्बम या दोन्हींच्या संधिकाळातील आहे. वाद्यवृंदाचा भर गायनावर नसून वादनावर आहे, त्यात सोल संगीताची ऊब आहे आणि नृत्याला आवाहन करणारा तालाचा ठाशीवपणाही आहे.

चित्रपटगृहातील स्टुडिओ

स्टॅक्स या कंपनीची सुरुवात १९५७ मध्ये ‘सॅटेलाइट’ या नावाने झाली. संस्थापक जिम स्टुअर्ट हे बँकेत नोकरी करीत आणि हौसेने व्हायोलिन वाजवीत. त्यांच्या भगिनी एस्टेल ॲक्स्टन यांनी आपले घर गहाण ठेवून ध्वनिमुद्रणयंत्रासाठी पैसा उभा केला. १९६० मध्ये या भावंडांनी मेम्फिसच्या दक्षिण भागातील ईस्ट मॅक्लेमोर रस्त्यावरील ‘कॅपिटल’ हे बंद पडलेले चित्रपटगृह भाड्याने घेतले आणि तेथे स्टुडिओ थाटला. १९६१ मध्ये दोघांच्या आडनावांची आद्याक्षरे जोडून ‘स्टॅक्स’ हे नाव रूढ झाले.

या वास्तूची दोन वैशिष्ट्ये प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. पहिले असे की, प्रेक्षागृहाची उतरती जमीन सपाट करण्याइतका पैसा नसल्याने ती तशीच राहिली. या विषम आकाराच्या खोलीमुळे तेथील ध्वनिमुद्रणांना एक विशिष्ट खोल नाद प्राप्त झाला. दुसरे असे की, चित्रपटगृहात जेथे पूर्वी खाद्यपदार्थांची विक्री होत असे, त्या जागेत एस्टेल ॲक्स्टन यांनी तबकड्यांचे दुकान उघडले. वस्तीतील मुले तेथे तासन् तास घालवीत. कोणती तबकडी वाजताच मुलांचे पाय हलू लागतात, याचे निरीक्षण ॲक्स्टन करीत आणि नव्या मुद्रणांची परीक्षा याच मुलांवर घेतली जाई. दुकान, स्टुडिओ आणि रस्ता यांच्यामध्ये जेमतेम एका भिंतीचे अंतर होते.

स्टुअर्ट व ॲक्स्टन हे गोरे होते आणि भोवतालची वस्ती कृष्णवर्णीयांची होत चालली होती. स्टुडिओचा स्थायी वाद्यवृंद ‘बुकर टी. अँड द एम.जी.ज’ हा दोन्ही वर्णांच्या वादकांचा होता. ज्या शहरात सरकारी शाळांतील वर्णभेद मोडण्याचा आरंभ १९६१ मध्ये पहिलीच्या अवघ्या तेरा कृष्णवर्णीय मुलांच्या प्रवेशाने झाला, त्या शहरात असा वृंद दररोज एकत्र काम करीत होता, ही गोष्ट नगण्य नाही. तथापि एकत्र काम करणे आणि मालकीत समान वाटा असणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

शाळा आणि वाद्यवृंद

मेम्फिसमधील कृष्णवर्णीय शाळांना संगीतशिक्षणाची मोठी परंपरा होती. पुढे देशभर कीर्ती मिळविलेले जॅझ संगीतकार जिमी लन्सफर्ड हे १९२० च्या दशकात तेथील मनॅसस शाळेत शिक्षक होते आणि विद्यार्थ्यांतूनच त्यांनी आपला पहिला वाद्यवृंद उभा केला. बुकर टी. वॉशिंग्टन हायस्कूल ही अशीच दुसरी शाळा होय. या शाळेत नॅट डी. विल्यम्स हे इतिहासाचे अध्यापक होते. १९४८ मध्ये ते डब्ल्यू.डी.आय.ए. या रेडिओ केंद्राचे पहिले कृष्णवर्णीय निवेदक झाले. शाळेतील नोकरी सांभाळून ते रेडिओवर बोलत आणि बील स्ट्रीटवरील रंगमंचावर हौशी कलावंतांच्या स्पर्धांचे सूत्रसंचालनही करीत. गायक रुफस थॉमस, ऑर्गनवादक बुकर टी. जोन्स आणि गीतकार डेव्हिड पोर्टर हे याच शाळेचे विद्यार्थी होते. स्टॅक्सला जे मनुष्यबळ मिळाले त्यातील मोठा भाग अशा रीतीने या एका शाळेने घडविलेला होता.

बार-केज हा याच परंपरेचा पुढील दुवा होय. १९६० च्या दशकाच्या मध्यास या शाळेतील काही विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन वृंद स्थापन केला. जिमी किंग (गिटार), फॅलन जोन्स (सॅक्सोफोन), बेन कॉली (ट्रम्पेट), जेम्स अलेक्झांडर (बास गिटार) आणि कार्ल कनिंगहॅम (ड्रम्स) यांच्यासमवेत रॉनी कॉल्डवेल (ऑर्गन) हे एकमेव गोरे वादक होते. वृंदाचे नाव बकार्डी या मद्याच्या जाहिरातफलकावरून सुचले असे सांगितले जाते. त्यात स्टॅक्सच्याच ‘मार-कीज’ या आधीच्या वृंदाच्या नावाचा प्रतिध्वनीही ऐकू येतो.

कनिंगहॅम हे स्टुडिओच्या परिसरातील केशकर्तनालयात बूट पॉलिश करीत. तेथून ते स्टुडिओत आले आणि एम.जी.ज वृंदातील ड्रमवादक अल जॅक्सन यांचे वादन जवळून पाहून शिकले. वृंदातील इतर मुलांचे शिक्षणही असेच झाले. सकाळी शाळेच्या बँडमध्ये स्वरलिपी आणि शिस्त, दुपारी स्टुडिओच्या दारात ज्येष्ठांचे निरीक्षण आणि रात्री क्लबमध्ये प्रत्यक्ष श्रोत्यांसमोर परीक्षा, असा हा क्रम होता. आपल्याकडील संगीतपरंपरेत गुरुगृही राहून जे घडत असे, त्याचे एक नागरी व सामूहिक रूप येथे दिसते. फरक एवढाच की, येथे गुरू एक व्यक्ती नव्हती. गुरुस्थानी संपूर्ण वस्ती होती.

या व्यवस्थेचे उदात्तीकरण मात्र टाळले पाहिजे. एवढे गुणवान शिक्षक व विद्यार्थी एकाच शाळेत एकवटले, त्यामागे वर्णविभाजनाने इतर दारे बंद केली होती हेही एक कारण आहे. पदवीधर कृष्णवर्णीय तरुणाला उपलब्ध असलेल्या मोजक्या सन्मान्य व्यवसायांपैकी अध्यापन हा एक होता. अन्यायातून निर्माण झालेल्या बंदिस्त अवकाशातच या समाजाने आपली विद्यापीठे उभारली, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

‘सोल फिंगर’ : अल्बमचे स्वरूप

बार-केजच्या मुलांना स्टॅक्सने पहिल्या प्रयत्नात स्वीकारले नाही. अखेर १९६७ च्या प्रारंभी जिम स्टुअर्ट यांनी त्यांना स्टुडिओत ऐकले आणि लागलीच मुद्रण केले. त्यातून ‘सोल फिंगर’ ही रचना जन्मास आली. एप्रिल १९६७ मध्ये ती स्वतंत्र तबकडी म्हणून प्रसिद्ध झाली आणि ‘बिलबोर्ड’ या व्यावसायिक नियतकालिकाच्या ऱ्हिदम अँड ब्लूज सूचीत तिसऱ्या, तर सर्वसाधारण सूचीत सतराव्या क्रमांकापर्यंत पोहोचली. या यशामुळे अल्बमची निर्मिती झाली.

शीर्षकरचनेचा आरंभ एका सर्वपरिचित इंग्रजी बालगीताच्या चालीने होतो. क्षणभर ऐकणाऱ्यास ही थट्टा वाटते. पण लगेच ट्रम्पेट व सॅक्सोफोन ती चाल झटकून टाकतात आणि ठाशीव ताल सुरू होतो. पार्श्वभूमीस मेजवानीसारखा गलका आहे आणि मधूनमधून मुलांचा घोळका रचनेचे नाव ओरडतो. हा गलका कृत्रिम नव्हता. स्टुडिओबाहेर रेंगाळणाऱ्या वस्तीतील मुलांना आत बोलावण्यात आले, कोठे ओरडायचे ते शिकविण्यात आले आणि मोबदला म्हणून त्यांना कोका-कोलाच्या बाटल्या देण्यात आल्या. ही कल्पना आयझॅक हेज व डेव्हिड पोर्टर या गीतकारद्वयाची होती.

इतिहासाच्या अभ्यासकास हा तपशील मोलाचा वाटतो. दुकानात तबकड्या ऐकणारी मुले येथे प्रत्यक्ष तबकडीत शिरली आहेत. जे श्रोते होते तेच निर्मितीचे घटक झाले. वाजविणारेही नुकतेच त्या वयातून बाहेर पडलेले होते. बालगीतापासून नृत्यतालापर्यंतचा काही क्षणांचा हा प्रवास म्हणजे शाळकरी वय ओलांडणाऱ्या सहा तरुणांनी नकळत केलेले आत्मनिवेदनच होय. त्याच वेळी कोका-कोलाच्या बाटलीच्या मोबदल्यात दिलेला तो आवाज पुढे अनेक दशके विकला गेला, हेही नोंदवले पाहिजे. मालकीच्या प्रश्नाचे बीज येथेच आहे.

अल्बममध्ये एकूण ११ रचना आहेत. शीर्षकरचना सहाही सदस्यांच्या नावे आहे. ‘नकलहेड’, ‘बार-केज बूगलू’, ‘हाउस शूज’, ‘पर्ल हाय’ अशा नृत्यानुकूल वाद्यरचनांबरोबर इतरांच्या लोकप्रिय रचनांचे वादनही त्यात आहे. स्टीव्ही वंडर यांनी १९६६ मध्ये गायलेले ‘विथ अ चाइल्ड्स हार्ट’, तसेच ‘यू कान्ट सिट डाउन’ आणि ‘होल इन द वॉल’ या पूर्वी गाजलेल्या रचना ही त्याची उदाहरणे होत.

निखळ कलात्मक निकषावर पाहता हा अल्बम सर्वत्र सारख्या उंचीचा नाही. शीर्षकरचनेतील अवखळ उत्स्फूर्तता इतरत्र क्वचितच आढळते. काही ठिकाणी एम.जी.ज वृंदाच्या शैलीचे अनुकरण स्पष्ट जाणवते. परंतु साधन म्हणून त्याचे मूल्य नेमके यामुळेच वाढते. येथे उमेदवारीच्या काळातील वादक ऐकू येतात. ज्येष्ठांचे काय उचलले, लोकप्रिय चालींवर हात कसा बसविला आणि स्वतःचे म्हणून काय सापडू लागले, या तिन्ही पायऱ्या एकाच तबकडीवर दिसतात. परिपक्व कलावंताच्या श्रेष्ठ कृतीत शिक्षणाच्या खुणा पुसल्या गेलेल्या असतात. पहिल्या अल्बममध्ये त्या शिल्लक असतात.

१० डिसेंबर १९६७

ओटिस रेडिंग हे स्टॅक्सचे सर्वांत मोठे गायक होते. त्यांच्या मुद्रणांत वाजविणाऱ्या एम.जी.ज वृंदाला स्टुडिओचे काम सोडून सतत दौऱ्यावर जाणे शक्य नव्हते. रेडिंग यांनी बार-केजला मेम्फिसच्या एका क्लबमध्ये ऐकले आणि त्यांना आपल्या दौऱ्यांसाठी निवडले. मुलांनी मात्र प्रथम शालेय शिक्षण पूर्ण केले आणि १९६७ च्या उन्हाळ्यात ते रेडिंग यांच्यासमवेत बाहेर पडले. स्टुडिओसाठी एक वृंद आणि रस्त्यासाठी दुसरा, ही कामाची विभागणी त्यांच्या वाट्यास आलेल्या संधीचे कारण होती. पुढील दुर्दैवाच्या वाटेवरही त्यांना याच संधीने आणून सोडले.

१० डिसेंबर १९६७ रोजी क्लीव्हलँड येथील कार्यक्रम आटोपून ही मंडळी रेडिंग यांच्या खाजगी विमानाने विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसनकडे निघाली. शहराजवळ पोहोचल्यावर विमान मोनोना सरोवराच्या गोठणबिंदूजवळच्या पाण्यात कोसळले. विमानातील आठपैकी सात जण मृत्यू पावले. त्यात २६ वर्षांचे रेडिंग, वृंदाचा एक सहायक, वैमानिक आणि बार-केजचे किंग, जोन्स, कॉल्डवेल व कनिंगहॅम हे चौघे होते. हे चारही वादक विशीच्या आतले होते. आसनाच्या उशीला धरून तरंगत राहिलेले बेन कॉली हे एकटे बचावले. विमानात सर्वांना जागा नसल्याने जेम्स अलेक्झांडर दुसऱ्या विमानाने प्रवास करीत होते. सहकाऱ्यांच्या मृतदेहांची ओळख पटविण्याचे काम त्यांना करावे लागले.

करार आणि मालकी

अपघाताच्या सुमारासच स्टॅक्सवर दुसरे संकट कोसळत होते. स्टॅक्सच्या तबकड्यांचे देशभरातील वितरण न्यूयॉर्कची अटलांटिक ही कंपनी करीत असे. १९६० पासूनचा हा व्यवहार परस्परविश्वासावर चालला होता. १९६५ मध्ये त्याचा लेखी करार झाला. जिम स्टुअर्ट यांनी तो बारकाईने न वाचता स्वाक्षरी केली. १९६७ च्या अखेरीस अटलांटिक ही कंपनी वॉर्नर-सेव्हन आर्ट्सला विकली गेली. तेव्हा स्टुअर्ट यांनी करार पुन्हा उघडला आणि त्यातील एक कलम त्यांच्या लक्षात आले. अटलांटिकने वितरित केलेल्या स्टॅक्सच्या मूळ ध्वनिमुद्रणांची मालकी त्या कलमानुसार अटलांटिककडे जात होती. मे १९६८ मध्ये दोन्ही कंपन्या विभक्त झाल्या आणि ओटिस रेडिंग यांच्या बहुतेक सर्व कामासह ‘सोल फिंगर’ हा अल्बमही मेम्फिसच्या हातून गेला.

या दोन घटनांच्या मध्ये मेम्फिसने आणखी एक आघात सोसला. १ फेब्रुवारी १९६८ रोजी कचरागाडीच्या यंत्रात सापडून दोन कृष्णवर्णीय सफाई कामगार मरण पावले. १२ फेब्रुवारीपासून सुमारे १३०० सफाई कामगारांनी संप पुकारला. त्यांना पाठिंबा देण्यासाठी आलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांची ४ एप्रिल रोजी लॉरेन मोटेलमध्ये हत्या झाली. हे मोटेल स्टॅक्सच्या कलावंतांच्या नित्य परिचयाचे होते. दोन्ही वर्णांचे लोक जेथे निर्वेधपणे एकत्र बसू शकत अशा शहरातील मोजक्या जागांपैकी ती एक होती आणि स्टॅक्सची काही गाणी तेथेच रचली गेली होती. हत्येनंतर स्टुडिओतील वर्णसंबंधांतही पूर्वीचा सहजपणा राहिला नाही.

सहा महिन्यांच्या अवधीतील या तीन घटना सामान्यतः स्वतंत्रपणे सांगितल्या जातात. परंतु एका वस्तीच्या दृष्टीने पाहता त्या एकाच प्रश्नाकडे निर्देश करतात. तो प्रश्न असा की, श्रम आणि कौशल्य एका ठिकाणी आणि त्यांच्या फळावरील अधिकार दुसऱ्या ठिकाणी असेल, तर त्या ठिकाणच्या लोकांजवळ शेवटी काय उरते? सफाई कामगारांचा प्रश्न आणि ध्वनिमुद्रणांचा प्रश्न यांची तीव्रता समान नाही. एकात प्रत्यक्ष जीविताचा प्रश्न होता, दुसऱ्यात मालमत्तेचा. तरीही दोन्हींच्या मुळाशी निर्णयाच्या जागेपासून असलेले अंतर आहे, हे नाकारता येत नाही.

पुनर्रचना

या प्रश्नाचे एक उत्तर बार-केजच्या पुढील वाटचालीतून मिळते. १९६८ मध्ये कॉली व अलेक्झांडर यांनी मेम्फिसमधील तरुण वादकांना घेऊन वृंदाची पुनर्रचना केली. गिटारवादक मायकेल टोल्स, सॅक्सोफोनवादक हार्वी हेंडरसन व ड्रमवादक विली हॉल हे त्यांतील काही होत. दुसरा अल्बम ‘गॉटा ग्रूव्ह’ १९६९ मध्ये आला.

मूळ ध्वनिमुद्रणे गमावल्यामुळे स्टॅक्सला आपला संग्रह पुन्हा शून्यातून उभारावा लागला. कंपनीचे सूत्रधार अल बेल यांनी १९६९ च्या मध्यास एकाच वेळी २७ अल्बम बाजारात आणण्याचा धाडसी कार्यक्रम आखला. त्यांपैकी आयझॅक हेज यांचा ‘हॉट बटर्ड सोल’ हा सर्वाधिक यशस्वी ठरला. चारच प्रदीर्घ रचनांच्या या अल्बमने सोल संगीताचा आकारच बदलला. त्यात अलेक्झांडर, टोल्स व हॉल या बार-केजच्या वादकांचे वादन आहे. १९७१ मधील ‘शाफ्ट’ या चित्रपटाच्या संगीतातही वृंदाचे वादक होते आणि त्यातील शीर्षकगीतासाठी हेज यांना १९७२ मध्ये ऑस्कर पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिस येथे झालेल्या ‘वॉटस्टॅक्स’ या विशाल मैफलीत बार-केजने एक लाखाहून अधिक श्रोत्यांसमोर वादन केले. १९७५ च्या अखेरीस स्टॅक्स कंपनी दिवाळखोरीत गेली. बार-केज मात्र टिकून राहिले. त्यांनी मर्क्युरी कंपनीशी करार केला आणि १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात फंक संगीतातील अग्रगण्य वृंदांत स्थान मिळविले.

येथे गृहीतकाची पडताळणी होते. सहापैकी चार वादक गेल्यानंतर कोणताही वृंद संपुष्टात यावा हे स्वाभाविक होते. तो संपला नाही, याचे श्रेय कॉली व अलेक्झांडर यांच्या मनोधैर्यास निश्चितच आहे. परंतु त्यांना नवे सहकारी दूरवर शोधावे लागले नाहीत. त्याच शहराच्या शाळांनी व क्लबांनी घडविलेली पुढची पिढी तयार होती. अल्बम ही वस्तू करारातील एका कलमाने नेता आली. तो घडविणारी साखळी मात्र कोणत्याही करारात लिहिलेली नव्हती आणि म्हणून ती नेता आली नाही.

निष्कर्ष

१) ‘सोल फिंगर’ या अल्बमचे ऐतिहासिक महत्त्व केवळ नंतरच्या अपघातावर अवलंबून नाही. शाळा, स्टुडिओ व दुकान यांनी मिळून चालविलेल्या एका अनौपचारिक शिक्षणव्यवस्थेचा तो पुरावा आहे.

२) अल्बममधील अनुकरणाच्या खुणा व इतरांच्या रचनांचे वादन हे कलात्मक उणेपण मानले तरी, उमेदवारीच्या प्रक्रियेची नोंद म्हणून त्यांचे मूल्य मोठे आहे.

३) वस्तीतील मुलांचा आवाज ज्या तबकडीत आहे, तिची मालकी १९६८ मध्ये त्या वस्तीत उभ्या राहिलेल्या कंपनीकडेही उरली नाही. निर्मितीचे स्थान व मालकीचे स्थान यांतील ही फारकत लोकप्रिय संगीताच्या इतिहासलेखनात केंद्रस्थानी यावयास हवी.

४) वाद्यवृंदाची पुनर्रचना शक्य झाली ती प्रशिक्षणाची परंपरा अखंड राहिल्यामुळे. सांस्कृतिक वारशाचे जतन म्हणजे केवळ वस्तूंचे जतन नव्हे, हे त्यातून दिसून येते.

समारोप

मॅक्लेमोर रस्त्यावरील मूळ वास्तू १९८९ मध्ये पाडण्यात आली. त्याच जागी मूळ वास्तूची प्रतिकृती उभारून २००३ मध्ये स्टॅक्स संग्रहालय सुरू झाले. परंतु संग्रहालयाच्या आधी, २००० मध्ये, या वस्तीतील मुलांसाठी स्टॅक्स म्युझिक अकॅडमी ही संगीतशाळा सुरू झाली होती. संग्रहालयाआधी शाळा, हा क्रम योगायोगाचा असला तरी अर्थपूर्ण आहे. बेन कॉली यांचे २०१५ मध्ये निधन झाले. जेम्स अलेक्झांडर यांनी आपल्या मुलाला दिवंगत मित्राच्या स्मरणार्थ फॅलन हे नाव दिले आणि तो पुढे ‘जॅझी फे’ या नावाने संगीतनिर्माता म्हणून प्रसिद्धीस आला.

अध्यापन हा ज्यांचा व्यवसाय आहे त्यांना या इतिहासात आणखी एक गोष्ट जाणवल्याशिवाय राहणार नाही. बार-केजच्या तबकडीच्या वेष्टनावर त्यांच्या शाळेतील शिक्षकांच्या परिश्रमांचा हिशेब मांडलेला नाही आणि त्या परिश्रमांसाठी कोणती रॉयल्टीही ठरलेली नव्हती. तरीही १९६८ मध्ये जे उरले, ते त्यांचेच काम होते.